बीजांडकोशाचा कर्करोग परत का येतो?

“डॉक्टर, माझं काय चुकलं?”

कर्करोगाच्या रुग्णालयात हा प्रश्न फार वेळा कानी पडतो, आणि तो बहुधा अशा स्त्रीच्या तोंडून येतो की जिने उपचारांत कसलीही कसूर केलेली नसते. पोटावरची मोठी शस्त्रक्रिया तिने सोसलेली असते. तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा शिरेतून औषध घेतलेले असते. गेलेले केस पुन्हा आलेले असतात, घरात स्वयंपाक पूर्ववत सुरू झालेला असतो, शेजारणी “आता अगदी बरी दिसतेस हो” असे म्हणू लागलेल्या असतात. आणि मग वर्ष-दीड वर्षाने पोट पुन्हा जड वाटू लागते, दोन घास खाल्ले की भूक भागते, लुगड्याची किंवा परकराची गाठ घट्ट होऊ लागते. तपासणी होते, चित्रे काढली जातात, आणि जे ऐकू नये असे वाटत होते तेच ऐकावे लागते.

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर, तिचे काहीही चुकलेले नसते. परंतु एवढेच सांगून थांबलो तर ते नुसते सांत्वन होईल, आणि सांत्वन कितीही मनापासून केलेले असले तरी रात्री झोप न येणाऱ्या माणसाच्या मनाचे त्याने समाधान होत नाही. म्हणून हा रोग मुळात परत का येतो, कोणाच्या बाबतीत तो येण्याचा संभव अधिक असतो, आणि या साऱ्या कारणांपैकी माणसाच्या हातची कोणती, हे आज थोडे विस्ताराने पाहू.

बीजांडकोश, म्हणजे ज्यांना अंडाशय असेही म्हणतात ते, गर्भाशयाच्या दोन बाजूंस असलेले बदामाएवढे दोन लहान अवयव. ते ओटीपोटात खोल दडलेले आहेत. स्तनातील गाठ हाताला लागते, गर्भाशयाच्या मुखाचा रोग रक्तस्रावाने आपली वर्दी देतो. येथे मात्र रोग महिनोन् महिने गाजावाजा न करता वाढू शकतो. आपल्या देशात २०२२ साली या रोगाच्या सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण स्त्रिया असाव्यात असा अंदाज होता. स्त्रियांच्या कर्करोगांत स्तन व गर्भाशयमुख यांच्या खालोखाल याचा क्रम लागतो. शंभरांतील सुमारे सत्तर जणींत रोग ओळखू येतो तोवर तो ओटीपोटाची हद्द ओलांडून गेलेला असतो. पुढे जे घडते त्याचे बीज पुष्कळदा या एका गोष्टीत असते.

येथे प्रथम एका शब्दाविषयी बोलले पाहिजे. रोग “परत आला” असे आपण म्हणतो, आणि त्यावरून असे वाटते की तो एकदा पूर्णपणे गेला होता व नंतर कशाने तरी त्याला पुन्हा निमंत्रण मिळाले. वस्तुस्थिती बहुतेक वेळा तशी नसते. ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांना हरळी ठाऊक असेल. नांगरट झाली, काडी काडी वेचून बांधावर टाकली, शेत स्वच्छ दिसू लागले. पण मातीत मुळाचा बोटभर तुकडा राहिला की पावसाबरोबर ती पुन्हा डोके वर काढते. ती बाहेरून आलेली नसते, शेतातच राहिलेली असते.

या राहण्याचे गणित मोठे उद्बोधक आहे. एक सेंटिमीटर आकाराच्या, म्हणजे साधारण वाटाण्याहून थोड्या मोठ्या अशा अर्बुदाच्या गाठीत दहा कोटी ते एक अब्ज पेशी असतात असे मानतात. औषधाची प्रत्येक मात्रा अमुक संख्येच्या पेशी मारीत नाही, तर असतील त्यांचा अमुक हिस्सा मारते. आता असे समजा की औषधाने हजारातील नऊशे नव्याण्णव पेशी मारल्या. हे यश थोडे नव्हे. तरीही एक अब्ज पेशींपैकी दहा लाख शिल्लक राहिल्या, आणि दहा लाख पेशी एकत्र आल्या तरी त्यांचा आकार एखाद्या खसखशीच्या दाण्याएवढा भरतो. विखुरलेल्या असतील तर त्या कोणत्याही यंत्रात दिसावयाच्या नाहीत. उपचार संपल्यावर “आता काही दिसत नाही” असे डॉक्टर सांगतात तेव्हा त्यांनी “दिसत नाही” हे शब्द जपून वापरलेले असतात. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र ते “उरले नाही” असे पडतात.

हा रोग पसरतो कसा, तेही विलक्षण आहे. अन्य पुष्कळ कर्करोग रक्तवाहिन्यांच्या वाटेने दूर जातात. बीजांडकोशाच्या रोगातील पेशी प्रामुख्याने पोटाच्या पोकळीत गळून पडतात. या पोकळीस आतून उदरावरण नावाचे पातळ अस्तर आहे व तिच्यात थोडासा द्रव नेहमीच असतो. श्वासागणिक छातीखालचा पडदा वरखाली होतो आणि हा द्रव हळूहळू फिरत राहतो. विशेषतः पोटाच्या उजव्या बाजूने वर चढून तो यकृताच्या वर, श्वासपटलाच्या खालच्या अंगास जातो. त्या प्रवाहाबरोबर पेशीही जातात व वाटेत जागोजाग रुजतात. आतड्यांवर पदरासारखा चरबीचा एक पडदा पसरलेला असतो. ही त्यांची आवडती जागा. पुढे द्रव साठू लागतो आणि जलोदर होतो. म्हणजे शस्त्रवैद्य पोट उघडतो तेव्हा त्याच्यासमोर पुष्कळदा एक गाठ नसते, तर राईएवढ्या, ज्वारीएवढ्या, कोठे लिंबाएवढ्या अशा असंख्य गाठींचा पसारा मांडलेला असतो.

म्हणून पुनरुद्भवाशी निगडित असलेले पहिले व सर्वांत ठळक कारण म्हणजे रोगाची अवस्था. रोग बीजांडकोशापुरताच मर्यादित असताना सापडला, म्हणजे पहिल्या अवस्थेत, तर तो परत येण्याचा संभव सुमारे शेकडा १० असतो. दुसऱ्या अवस्थेत तो शेकडा ३० च्या आसपास जातो. तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे वरच्या पोटात पसरल्यावर, शेकडा ७० ते ९०. आणि चौथ्या अवस्थेत त्याहूनही अधिक. हे आकडे कठोर आहेत. पण ते समुदायाचे आकडे आहेत, एका स्त्रीचे भविष्य त्यांत लिहिलेले नसते. तिसऱ्या अवस्थेतून बऱ्या होऊन दहा-दहा वर्षे निरोगी राहिलेल्या स्त्रियाही आहेत.

पहिल्या अवस्थेच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ती टाळता येण्याजोगी आहे. बीजांडकोशावर पाण्याची गाठ आहे असे सोनोग्राफीत दिसते, ती संशयास्पद असते, आणि “सुई घालून पाणी काढून पाहू” असा सोपा मार्ग कोणीतरी सुचवतो. गाठ जर कर्करोगाची निघाली तर त्या सुईच्या छिद्रातून किंवा शस्त्रक्रियेत गाठ फुटल्याने पेशी पोटात सांडतात, आणि जो रोग बंद डबीत होता तो मोकळा होतो. अवस्थेच्या वर्गीकरणातही अशा गाठीची पायरी एकदम खाली उतरते. संशयित गाठ अखंड बाहेर यावी, हा या शस्त्रक्रियेतील जुना व पक्का नियम आहे. साधी गाठ म्हणून काढली, नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ती कर्करोगाची ठरली, आणि पोटाचा बाकीचा भाग कोणी पाहिलाच नव्हता, अशा कागदांची चळत घेऊन आलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. त्या स्त्रीची अवस्था कोणती, हे मग कोणालाच निश्चित सांगता येत नाही.

आता ज्या कारणात मनुष्याच्या कौशल्याचा वाटा सर्वांत मोठा आहे त्याकडे वळू. ते कारण म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पोटात किती रोग उरला.

आज हे उघड वाटते, पण वैद्यकास ते पटावयास बराच काळ लागला. रोग सर्वत्र पसरलेला असेल तर थोडा काढून काय उपयोग, असा विचार स्वाभाविक होता. अमेरिकेतील जो मीग्ज या शस्त्रवैद्याने १९३४ सालीच, जमेल तितके अर्बुद काढून टाकावे, असे मत मांडले होते. परंतु त्यास पुराव्याचे बळ आले ते १९७५ साली. त्या वर्षी ग्रिफिथ्स यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी मांडून दाखविल्या. सुरुवातीला रोग किती होता यापेक्षा शेवटी उरलेल्या गाठीपैकी सर्वांत मोठी केवढी होती, यावर आयुष्याची लांबी अवलंबून होती. त्यानंतर चांगल्या शस्त्रक्रियेची व्याख्या हळूहळू कडक होत गेली. आधी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी उरल्या तरी समाधान मानीत, पुढे एक सेंटिमीटर ही मर्यादा आली, आणि आता डोळ्यांना दिसेल असे काहीही उरू नये, हेच ध्येय मानतात.

यामागे जर्मनीतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा हात आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३,१२६ स्त्रियांच्या नोंदी एकत्र तपासल्या होत्या. ज्यांच्या पोटात दिसण्याजोगे काहीही उरले नव्हते त्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे ९९ महिने भरले. एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी उरल्या होत्या त्यांचे ३६ महिने, आणि त्याहून मोठ्या उरल्या होत्या त्यांचे सुमारे ३० महिने. पहिल्या व दुसऱ्या आकड्यांतील अंतर पाहा, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्यांतील पाहा. थोडे उरणे आणि बरेच उरणे यांत फारसा फरक नाही; काहीच न उरणे आणि थोडे उरणे यांत मात्र आठ वर्षे आणि तीन वर्षे यांचे अंतर आहे.

येथे एक प्रामाणिक शंका घ्यावयास हवी, आणि ती शास्त्रज्ञांनी स्वतःच घेतली आहे. जो रोग सहज निघून येतो तो कदाचित स्वभावतःच सौम्य असेल. मग श्रेय शस्त्रवैद्याचे किती आणि रोगाच्या स्वभावाचे किती? दोन्ही खरे असावे, असे मला वाटते. परंतु रोगाचा स्वभाव आपल्याला बदलता येत नाही, शस्त्रवैद्य मात्र निवडता येतो. स्त्रियांच्या कर्करोगाचे खास शिक्षण घेतलेल्या शस्त्रवैद्याच्या हातून, ही कामे नित्य होत असतील अशा ठिकाणी शस्त्रक्रिया झाली तर निकाल चांगले लागतात, ही गोष्ट अनेक देशांतील अनुभवाने सिद्ध आहे. गावातील ओळखीच्या डॉक्टरांवर विश्वास असावा, पण त्याच विश्वासाने त्यांना असेही विचारावे की, “हे काम आपण नेहमी करता का, की आम्ही मोठ्या केंद्रात जावे?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

शस्त्रक्रिया आधी की औषध आधी, हाही वाद पुष्कळ चालला. ज्यांच्या पोटात रोग फार पसरलेला आहे किंवा ज्यांची प्रकृती तोळामासा आहे, त्यांना आधी तीन मात्रा देऊन रोग आकसवून मग शस्त्रक्रिया करतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत अशा दोन्ही मार्गांनी गेलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच भरले. तेव्हा एखाद्या स्त्रीला आधी औषध सुरू केले म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असा अर्थ घरच्यांनी काढू नये.

अवस्था आणि उरलेला रोग यांच्यानंतर येतो तो पेशींचा प्रकार. “बीजांडकोशाचा कर्करोग” हे एक नाव असले तरी ते एका कुटुंबाचे आडनाव आहे. घरातली माणसे निरनिराळ्या स्वभावाची आहेत. सर्वांत अधिक आढळतो तो तीव्र स्वरूपाचा सीरस प्रकार, आणि गंमत अशी की त्याचा उगम पुष्कळदा बीजांडकोशात नसून बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकात असतो, असे गेल्या पंचवीस वर्षांत दिसून आले आहे. हा प्रकार औषधाला सुरुवातीस फार छान दाद देतो, आणि नंतर परत येतो; जणू आज्ञाधारक आणि हट्टी असे दोन गुण त्याने एकत्र बाळगले आहेत. मंद सीरस प्रकार औषधाला फारसा जुमानत नाही, पण वाढतोही सावकाश. स्वच्छपेशी नावाचा एक प्रकार प्रगत अवस्थेत औषधाला कमी दाद देतो. उलट तरुण मुलींत बीजपेशींपासून होणारे अर्बुद बहुतेक वेळा कायमचे बरे होते. तेव्हा शेजारच्या बाईला काय झाले यावरून आपल्या घरच्या रुग्णाचे भाकीत करण्यात अर्थ नाही.

औषधांची कथा सांगितल्याखेरीज पुढचे कळणार नाही. या रोगावरील औषधांचा पाया प्लॅटिनम या धातूवर आहे. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेच्या क्षेत्राचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतू मरेनात, पण त्यांचे विभाजन थांबले आणि ते दोऱ्यासारखे लांब वाढू लागले. शोध घेता असे आढळले की ही करामत विजेची नव्हती. विद्युतपट्ट्या प्लॅटिनमच्या होत्या व त्यांतून विरघळलेल्या संयुगाने पेशींचे विभाजन रोखले होते. त्यातून सिसप्लॅटिन निघाले व १९७८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्याचे सौम्य भावंड कार्बोप्लॅटिन, आणि त्याच्या जोडीला यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून प्रथम मिळालेले पॅक्लिटॅक्सेल, ही जोडगोळी आज जगभर प्रथमोपचारात वापरली जाते.

प्लॅटिनम पेशींच्या गुणसूत्रांतील धाग्यांना जखमा करते. ज्या पेशींना या जखमा दुरुस्त करता येत नाहीत त्या मरतात. ज्यांना येतात त्या टिकतात. येथेच पुनरुद्भवाचे आणखी एक मर्म आहे. अब्जावधी पेशींच्या जमावात काही मूठभर पेशी आधीपासूनच चिवट असतात. कोणी औषध आत येताच बाहेर फेकते, कोणी जखम चटकन सांधते. औषधाने मऊ पेशी गेल्या की मोकळ्या झालेल्या जागेत या चिवटांची प्रजा वाढते. म्हणूनच परत आलेला रोग पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

हा हट्ट मोजण्याचे एक साधे माप डॉक्टरांनी ठरविले आहे: प्लॅटिनमची शेवटची मात्रा आणि रोगाचे पुनर्दर्शन यांमधील काळ. सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल तर रोग प्लॅटिनमला अजून दाद देईल अशी आशा धरतात, आणि काळ जितका लांब तितकी आशा मोठी. सहा महिन्यांच्या आत आला तर तो प्लॅटिनमला प्रतिकार करणारा समजतात. सहा महिन्यांची ही रेघ अर्थात निसर्गाने आखलेली नाही, सोयीसाठी माणसाने आखली आहे. पाच महिने पंचवीस दिवस आणि सहा महिने पाच दिवस यांत रोगाला फरक कळत नाही. पण पुढच्या उपचाराची निवड पुष्कळदा त्यावरून होते. म्हणून मात्रांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. आणि सणवार, लग्नकार्य, परीक्षा यांसाठी मात्रा पुढे ढकलू नयेत. रक्तातील पेशी कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी आठवडा लांबविला तर गोष्ट वेगळी.

गेल्या तीस वर्षांतील सर्वांत मोठी भर आनुवंशिकतेच्या ज्ञानाने घातली. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुके अनुक्रमे १९९४ व १९९५ साली हाती लागली. गुणसूत्रांच्या मोठ्या जखमा सांधणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रीत यांपैकी एखादे जनुक जन्मतः बिघडलेले असते तिला हा रोग होण्याचा धोका पुष्कळ वाढतो, आणि विरोधाभास असा की रोग झाल्यावर तोच बिघाड तिच्या उपयोगी पडतो! तिच्या रोगपेशींना प्लॅटिनमच्या जखमा सांधता येत नाहीत. २००५ साली दोन संशोधक गटांनी दाखविले की अशा पेशींची पार्प नावाची दुसरी दुरुस्तीयंत्रणाही बंद केली तर त्यांचा टिकाव लागत नाही. एका पायाने लंगडणाऱ्याची काठी काढून घ्यावी तसे हे आहे.

यातून ओलापारिबसारख्या गोळ्या निघाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बीआरसीएचा बिघाड असलेल्या व पहिल्या उपचारांना दाद दिलेल्या ३९१ स्त्रियांपैकी काहींना दोन वर्षे ही गोळी व काहींना बिनऔषधी गोळी दिली. तीन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांतील शेकडा ६० जणींचा रोग पुढे सरकला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा २७ होते. सात वर्षांनी पहिल्या गटातील शेकडा ६७ स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातील सुमारे शेकडा ४७. या रोगात असा फरक पूर्वी क्वचितच पाहावयास मिळाला होता. अर्थात गोळी महाग आहे, तिचे रक्तावर दुष्परिणाम आहेत, आणि काही पेशी आपला जनुकीय बिघाड पुन्हा दुरुस्त करून घेऊन तिच्या तावडीतून निसटतात. ज्यांच्या पेशींत दुरुस्तीचा हा दोष मुळीच नाही त्यांना लाभही थोडाच होतो.

तेव्हा सीरस प्रकारच्या प्रत्येक रुग्ण स्त्रीची ही जनुकीय तपासणी व्हावयास हवी. आपल्याकडे ती अजूनही पुष्कळदा राहून जाते. खर्च हे एक कारण, आणि दुसरे कारण असे की “मुलीच्या लग्नाला अडचण येईल” म्हणून घरचेच नको म्हणतात. मुलीचे हित नेमके उलट दिशेस आहे. आईत बिघाड असेल तर मुलीत तो असण्याचा संभव निम्मा असतो, आणि वेळीच कळले तर मुले झाल्यावर योग्य वयात बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकून तिचा धोका फार मोठ्या प्रमाणात कमी करता येतो. मुलांतही हा बिघाड उतरतो, हेही ध्यानी असावे.

आता जी कारणे नव्हेत त्यांविषयी थोडे. दही खाल्ले, वांगे खाल्ले, प्रवासाची दगदग केली, कोणाचे बोलणे मनाला लावून घेतले, म्हणून हा रोग परत येत नाही. एखादा काढा किंवा पथ्य त्याला अडवून धरते असाही भक्कम पुरावा नाही. पुरेसे अन्न, रोजचे चालणे आणि तंबाखू-मिश्रीपासून दूर राहणे यांनी शरीर उपचार सोसावयास समर्थ राहते, आणि एवढे कारण पुरेसे आहे. सासरमाहेरच्या मंडळींनी रुग्ण स्त्रीला “तू औषध नीट घेतले नाहीस” असे म्हणणे हे तर अज्ञान आणि निष्ठुरता यांचे मिश्रण होय.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे दर दोन ते चार महिन्यांनी, पुढे काहीशा लांब अंतराने तपासणीस बोलावतात. यातील सर्वांत चिंतेचा विषय म्हणजे सीए-१२५ ही रक्ततपासणी. रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तिचा पाया घातला. सामान्यतः ३५ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. हा आकडा लक्षणे दिसण्याच्या काही महिने आधीच चढू लागतो. साहजिकच प्रत्येकास वाटे की आकडा चढताच औषध सुरू केले तर आयुष्य वाढेल. ब्रिटनमधील गॉर्डन रस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. १,४४२ स्त्रियांची दर तीन महिन्यांनी तपासणी केली, पण आकडा ना त्यांना सांगितला ना त्यांच्या डॉक्टरांना. ज्यांचा आकडा मर्यादेच्या दुपटीहून पुढे गेला अशा ५२९ जणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटास लगेच उपचार, दुसऱ्यास लक्षणे दिसल्यावर. पहिल्या गटाचे उपचार जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाले. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला: मध्यम आयुर्मान २५.७ महिने आणि २७.१ महिने, म्हणजे व्यवहारतः सारखेच. लवकर सुरुवात केलेल्यांना मिळाले ते एवढेच की औषधाचा त्रास आधी सुरू झाला.

ही चाचणी नव्या गोळ्यांच्या आणि पुढे सांगणार आहे त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या काळातली, म्हणून तिचा शब्द अखेरचा मानू नये, असे म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय हा आकडा अन्य कारणांनीही चढतो. आपल्या देशात पोटाच्या क्षयानेही तो बराच वाढतो व पोटात पाणीही होते. परंतु दर तीन महिन्यांनी रक्त देऊन आल्यावर निकाल येईपर्यंत घरात कोणी धड जेवत नाही, अशी कुटुंबे ज्याने पाहिली आहेत त्याला त्या चाचणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तपासणी करावी की नाही, हे त्या स्त्रीने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे. नको म्हणणारी स्त्री निष्काळजी नसते. तिने आपल्या पोटाकडे मात्र लक्ष ठेवावे: फुगणे, लवकर भूक भागणे, पोटात किंवा कंबरेत दुखणे, शौचाच्या सवयीत बदल, दम लागणे, यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

आणि परत आलाच तर? तिसऱ्या-चौथ्या अवस्थेच्या रोगाचा पुनरुद्भव समूळ बरा होणे विरळा, हे लपविण्यात अर्थ नाही. पण मधुमेहासारखे दीर्घकाळ आटोक्यात ठेवण्याचे दिवस पूर्वीपेक्षा वाढले आहेत. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी का, यावर दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल परस्परविरोधी आले. २०१९ च्या अमेरिकेतील चाचणीत लाभ दिसला नाही. २०२१ च्या जर्मन पुढाकाराने झालेल्या चाचणीत दिसला: ५३.७ महिने विरुद्ध ४६. फरकाचे एक कारण निवडीत असावे. जर्मन मंडळींनी तीन अटी घातल्या होत्या: स्त्रीची प्रकृती चांगली हवी, पोटातील पाणी अर्ध्या लिटरहून कमी हवे, आणि पहिल्या शस्त्रक्रियेत सर्व रोग निघालेला हवा. यातही ज्यांचा रोग दुसऱ्यांदा पूर्णपणे काढता आला त्यांनाच लाभ झाला. ज्यांच्या पोटात काही उरले त्यांची गत शस्त्रक्रिया न झालेल्यांहूनही वाईट होती.

तिसरी अट नीट ऐकली असेल तर ध्यानात येईल की पहिल्या शस्त्रक्रियेत काय उरले, हा प्रश्न वर्षांनंतरही पुन्हा समोर उभा राहतो. त्याचे उत्तर एका कागदावर असते. रुग्णालयातून घरी पाठविताना जो सारांश देतात त्यात ते पुष्कळदा नसते. शस्त्रक्रियेची जी सविस्तर टिपणी शस्त्रवैद्य लिहितो तिच्या शेवटच्या ओळींत, किती रोग काढला व कोठे किती राहिला, हे नमूद असते. अमरावतीहून नागपूरला, बेळगावहून मुंबईला, इंदूरहून किंवा हैदराबादहून जेथे जावयाचे तेथे जाताना पिशवीत चित्रांची जाड पाकिटे असतात, पण हा एक कागद नसतो. शस्त्रक्रिया झाल्यावर आठ-दहा दिवसांतच त्याची प्रत, पेशी-तपासणीचा अहवाल आणि औषधांच्या मात्रांच्या तारखा मागून घ्याव्यात, आणि रेशनकार्डाशेजारी जपून ठेवाव्यात.